एदेल्मिराचा बिल्ला

माझं डोकं लवकर तापतं. व्हिलाव्हिसेन्सियोच्या विमानतळावर कुणालाही विचारा. लोक म्हणतील, "टूलरूमच्या खिडकीतला सातुर्निनो ना? माणूस बरा आहे, पण जिभेला हाड नाही." म्हणोत बापडे. बत्तीस वर्षं मी त्या खिडकीत काढली, जिभेला हाड असतं तर एव्हाना तेही झिजलं असतं.

माझं काम सोपं होतं. भिंतीभर खिळे, प्रत्येक खिळ्याला एक हत्यार. पाने, पकडी, बॅटऱ्या, इंजिनाच्या पाठीमागे बघायचे लांब दांड्याचे आरसे. प्रत्येक मेकॅनिकला नंबर कोरलेले पितळी बिल्ले. हत्यार न्यायचं, त्या जागी आपला बिल्ला लटकवायचा. आणून दिलं की बिल्ला परत. विमान निघण्याआधी मी भिंतीकडे बघायचं. एक जरी बिल्ला लटकत असला तर चिठ्ठी नाही, आणि माझी चिठ्ठी नाही तर विमान नाही. कारण खिळ्यावर नसलेला पाना इंजिनात असू शकतो, आणि इंजिनात राहिलेला पाना काय करतो ते सांगायला बहुतेक वेळा कुणी परत येत नाही.

एक्केचाळीस नंबर एदेल्मिरा पार्रादोचा. तिच्याविषयी सांगायला बसलो आणि स्वतःचंच पुराण लावलं, बघा.

ती आमच्याकडे आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि आली ती शिवायला. हसू नका. आमची विमानं माझ्या बापाच्या वयाची. अंग पत्र्याचं, पण शेपटीचं सुकाणू कापडाचं. ते कापड ताणून, घट्ट टाके घालून शिवावं लागतं, वर मग लेप चढतो. हे काम बायकांचं, असं पूर्वीपासून ठरलेलं. हँगरच्या कोपऱ्यात एक मोठं टेबल, त्यावर वाकून एदेल्मिरा सुई चालवायची. टाका असा की नखाने उचकटू म्हटलं तरी उचकटायचा नाही.

पण पोरीचं लक्ष कापडावर कमी आणि इंजिनावर जास्त. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर झाडाखाली जायचे आणि ही उघड्या इंजिनाखाली आपला डबा घेऊन बसायची. मी एकदा विचारलं, "काय गं, त्या इंजिनाशी सोयरीक जुळवायचा विचार आहे की काय?"

"ते तुझ्यापेक्षा कमी बोलतं," ती म्हणाली.

तेव्हाच मी तिच्यावर खूश झालो. पुढे दोनदा लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाली, आणि दोन्ही वेळा वर तांदळाच्या पिठाची, भट्टीत भाजलेली कडबोळी दिली खायला, म्हणजे मला राग धरता आला नाही.

अकरा वर्षं लागली तिला सुईवरून सहीवर यायला. कोणी शिकवलं नाही, तिने बघून बघून शिकून घेतलं. राजधानीत मेकॅनिकच्या परीक्षेला गेली तर दारावरच्या माणसाने विचारलं, "नवऱ्याचा पेपर द्यायला आलात का?" ही म्हणाली, "नवरा नाही. पेपर माझाच आहे, आणि पेन्सिल तुमची द्या, माझी बसमध्ये राहिली." त्याच्याच पेन्सिलीने पास झाली.

आमच्याकडे एक रिवाज आहे: ज्याची सही, तो विमानात. इंजिन दुरुस्त झाल्याची सही ज्या मेकॅनिकने केली, तो त्या पहिल्या खेपेला विमानात बसतो. जंगलातल्या गावांना रस्ता नाही, वाटेत काही झालं तर हाताशी माणूस हवा, हे एक कारण. दुसरं कारण सगळ्यांना कळतं, कोणी बोलत नाही. एदेल्मिराने पहिली सही केली त्या दिवशी वैमानिक अडून बसला. म्हणाला, शिवणाऱ्या बाईच्या सहीवर मी उडणार नाही. ही सरळ निघाली. विमानात चढली, बियरच्या खोक्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधे जागा केली, आणि पिशवीतून विणकाम काढून विणत बसली. वैमानिक अर्धा तास बाहेर सिगारेटी ओढत राहिला. शेवटी त्यालाच लाज वाटली आणि तो चढला.

हे असं सगळं सोसून वर आलेली माणसं दोन प्रकारची होतात. एक म्हणतात, मी सोसलं, आता तुम्हीही सोसा. दुसरी म्हणतात, मी सोसलं ते पुरे झालं. एदेल्मिरा दुसऱ्या जातीची.

दरवर्षी ती मुलींच्या शाळेत जायची. कामाच्याच कपड्यांत, ऑइलच्या डागांसकट, आणि बाजाराच्या पिशवीत एक जुना पिस्टन घालून. मुख्याध्यापिका नन होत्या, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर ही तो पिस्टन ठण्णकन ठेवायची आणि मुलींना विचारायची, "भात शिजताना झाकण का उडतं गं?" मुली हसायच्या. "उडतं ना? मग तुम्हाला अर्धं इंजिन आत्ताच येतंय. उरलेलं अर्धं माझ्याकडे येऊन बघा."

मग एका शनिवारी त्या मुली आयांसकट आमच्या हँगरमध्ये यायच्या. आमचे मालक कॅप्टन अरिस्तिदेस यांच्याकडून तिने भांडून भांडून दोन शिकाऊ जागा मुलींसाठी राखून घेतल्या होत्या. बारा वर्षांत अशा बावीस पोरी शिकून गेल्या. कोणी मेदेयीन शहरात मोठ्या विमानांवर आहे, कोणी पार देशाबाहेर. त्यांच्या आयांची तिला नाताळात इतकी पत्रं यायची की टपालवाला म्हणायचा, "बाई, तुम्ही पोस्टातच का नाही राहायला येत?"

पण ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतोय त्या वर्षी हवा फिरली होती. आमचा मुकादम क्लिमाको, हाताने सोन्यासारखा पण डोक्याने बैल. त्याने कॅप्टनचे कान भरले की गावातले लोक आपापल्या मुलग्यांसाठी जागा मागताहेत, पोरी शिकतात आणि उडून जातात, आपल्याला काय मिळतं? कॅप्टनने एदेल्मिराला बोलावून सांगितलं, "या शनिवारी तुझ्या पोरी येऊ देत. पण कामात जराही खोळंबा झाला, कुणाची एक तक्रार आली, तर त्या दोन जागा बंद. कायमच्या."

तिने खिडकीशी येऊन मला हे सांगितलं. "सातुर, या वर्षी एक पोर आहे. युरानी. तिने पिस्टन हातात घेतला आणि वजन केलं. बाकीच्या हसल्या, हिने वजन केलं. ही जागा गेली तर ती पोर जन्मभर आईच्या भट्टीपुढे कडबोळी भाजत बसेल."

"तुझ्या इतक्या पोरी पार झाल्या, हीही होईल," मी म्हणालो.

"तिची आई तयार नाही. बघायला येते म्हणाली, तीही उपकार केल्यासारखी."

शनिवारी आल्या. चौदा मुली, सात-आठ आया. युरानी म्हणजे काडी होती नुसती, पण डोळे सगळीकडे. तिची आई नोहेमी, हात भट्टीने भाजून भाजून राठ झालेले, दारातच उभी राहिली आणि हँगरभर नजर फिरवून माझ्यापाशी आली.

"इथे सगळे पुरुषच दिसतात."

"आम्ही पुरुष कसले," मी म्हणालो, "आम्ही एदेल्मिराच्या धाकातली माणसं."

ती हसली नाही. "मला एक सांगा. इथे चूक झाली की काय होतं?"

मी म्हणालो, "चूक होतच नाही." आणि हे मी इतक्या सहज बोललो की मलाच पुढे आठवून घाम फुटला.

त्या दिवशी हँगरच्या दारापुढे उभं असलेलं एक विमान दुपारी जंगलाकडे निघायचं होतं. सकाळी एदेल्मिराने त्याच्या डाव्या इंजिनाची एक नळी बदलली होती. क्लिमाको म्हणाला होता, पोरींना मोडक्या इंजिनावर दाखव. पण हिचा हट्ट, खरं काम दाखवायचं. माझ्याकडून लांब दांड्याचा आरसा नेला, बिल्ला लटकवला, आणि एकेका मुलीला शिडीवर चढवून आरशातून इंजिनाची पाठ दाखवली. दातांच्या डॉक्टरकडे दाढ बघतात ना, तसंच. मुली चढत होत्या, उतरत होत्या, किंचाळत होत्या, "मला दिसलं! मला दिसलं!" मी खिडकीतून बघत होतो. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले होते.

शेवटची युरानी. ती शिडीच्या वरच्या पायरीवर गेली आणि तिचा पाय घसरला. एदेल्मिराने झटकन दोन्ही हातांनी तिला कमरेला धरलं. नोहेमी इकडे "अगं बाई!" म्हणून ओरडली. काही झालं नाही. पोर उतरली, सगळ्या हसल्या, मुलींना सरबत प्यायला आत नेलं. एदेल्मिराने इंजिनाचं झाकण लावलं, सही केली. माणसं चढायला लागली. सतरा प्रवासी, दोन कोंबड्यांची खुराडी, शाळेची बाकं. जंगलाकडे ढग जमत होते म्हणून वैमानिकाने उजवं इंजिन गरम करायला सुरू केलं.

एदेल्मिरा हत्यारं परत द्यायला खिडकीशी आली. पाना दिला. पक्कड दिली. बॅटरी दिली. मग तिचा हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला.

मी भिंतीकडे बघितलं. आरशाच्या खिळ्यावर एक्केचाळीस.

"कुठेतरी असेल," मी म्हणालो. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"मी पोरीला दोन्ही हातांनी धरलं, सातुर. दोन्ही हातांनी. मग आरसा कुठे होता?"

आता माझं ऐका, आणि मला काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या टेबलाखाली एक खण होता. त्यात जास्तीची हत्यारं असायची, यादीत नसलेली. आरसेही होते, तीन. मी त्यातला एक काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. "हा टांगतो," मी हळूच म्हणालो. "बिल्ला घे आणि जा. तुझा आरसा कुठल्यातरी पोरीच्या दप्तरात निघेल. खोळंबा झाला तर जागा गेल्या, एदेल्मिरा. बारा वर्षं गेली."

तिने त्या आरशाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तीस वर्षांत तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं, लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा नाही.

"त्यात सतरा माणसं आहेत," ती म्हणाली. आणि वळली.

ती धावत विमानासमोर गेली आणि दोन्ही हात डोक्यावर उंच नेऊन एकमेकांवर आडवे धरले. थांब. इंजिन बंद कर. वैमानिकाने खिडकीतून डोकं काढून शिव्या घातल्या, पण इंजिन बंद केलं. आमच्या इथे त्या खुणेपुढे कोणाचं चालत नाही.

कॅप्टन ऑफिसातून तरातरा आले. मागोमाग क्लिमाको. मुली सरबताचे पेले हातात घेऊन दारात जमल्या, त्यांच्या मागे आया.

"काय झालं?"

"आरसा सापडत नाही. डाव्या इंजिनात असू शकतो. माझ्या नावावरचा."

"तरी मी म्हणत होतो!" क्लिमाकोने हात झटकले. "पोरींचा खेळ मांडला होता इथे. कुणीतरी खिशात टाकला असेल आठवण म्हणून. दप्तरं उघडायला सांगा."

मुली एकमेकींना बिलगल्या. युरानी पुढे आली, रडवेली. "माझ्यामुळे झालं. माझा पाय..."

"गप," एदेल्मिरा म्हणाली. "बिल्ल्यावर तुझा नंबर आहे का?"

"नाही."

"मग तुझ्यामुळे कसं झालं? कोणाचं दप्तर उघडायचं नाही, कॅप्टन. बिल्ला माझा, सही माझी, चूक माझी. झाकण उघडा."

माणसं उतरली. कुरकुर सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, माझ्या कोंबड्या उन्हाने मरतील. कॅप्टन घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. एदेल्मिराला तिच्याच इंजिनाला हात लावू दिला नाही, कारण चुकलेल्याने स्वतः शोधायचं नाही असा नियम. ती शिडीखाली उभी राहिली, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. एक तास गेला. मग क्लिमाकोचा खांद्यापर्यंत आत गेलेला हात थांबला.

तो आरसा घेऊन खाली उतरला. वैमानिक इंजिनाचा जोर कमी-जास्त करतो त्या दांड्याच्या अगदी बगलेत तो पडला होता. दांडा अडकला असता. जमिनीवर नाही, वर गेल्यावर, जंगलावर. क्लिमाकोने आरसा कॅप्टनच्या हातात दिला. मग मात्र त्याला राहवलं नाही.

"बायका शिकवायला लागल्या की हे असं होतं," तो म्हणाला.

कॅप्टन एदेल्मिराला म्हणाले, "मी काय बोललो होतो ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. एवढंच. मान खाली घातली. बारा वर्षांचं तिचं सगळं तिथे संपत होतं आणि ती बाई आपल्या बाजूने एक अक्षर बोलेना. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी उठलो. तो खण ओढून काढला, खांद्यावर घेतला, बाहेर आलो आणि कॅप्टनच्या पायाशी जमिनीवर रिकामा केला. आरसे, बॅटऱ्या, पाने, एक छोटी पक्कड, सगळा खणखणाट झाला.

"हे काय?"

"ही माझी दया," मी म्हणालो. "बत्तीस वर्षांची. कुणाचं हत्यार हरवलं की तो माझ्या खिडकीशी यायचा. म्हणायचा, सातुर, पोरंबाळं आहेत, सांभाळून घे. मी यातलं एक टांगायचो आणि चिठ्ठी द्यायचो. हरवलेलं नंतर सापडायचं, कधी सापडायचं नाही. विमानं गेली, परत आली, देवाची कृपा. बायका शिकवतात म्हणून हे होतं म्हणे! अरे, हे नेहमीच होतं. तोंडाने सांगणारी मात्र आज पहिल्यांदा बघितली. आणि मी तिलाही हेच देत होतो, तिने घेतलं नाही."

कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

"कोणाकोणाला दिलीस?" कॅप्टनने विचारलं.

"नावं विसरलो."

मी विसरलो नव्हतो. एकेक मेकॅनिक आपल्या बुटांकडे बघत होता. क्लिमाको त्या ढिगाकडे बघत राहिला. मग वाकून त्याने त्यातला एक पाना उचलला आणि म्हणाला, "एकदा माझंही नाव होतं." कान लाल झाले होते त्याचे. बैल म्हटलं मी त्याला, पण त्या दिवशी बैल सरळ चालला.

कॅप्टन एका पिंपावर बसले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "एदेल्मिराची सही महिनाभर बंद. नियम आहे. सातुर्निनोची चिठ्ठीही बंद, आणि खिडकीत उद्यापासून दुसरा माणूस. दोघांनी हँगर झाडायचा." आणि जरा थांबून, मुकादमाकडे बघत, "जागांबद्दल कुणाची तक्रार?"

"माझी नाही," क्लिमाको म्हणाला.

"आमच्या कोंबड्यांची आहे," ती म्हातारी म्हणाली, "पण जाऊ दे. आम्ही जिवंत राहू, त्यांना काय, उद्या कापायच्याच आहेत."

तेव्हा कुठे लोक हसले. एदेल्मिरा हसली नाही. ती तशीच शिडीखाली उभी होती.

नोहेमी गर्दीतून पुढे आली. तिने युरानीला दंडाला धरून आणलं होतं. मला वाटलं, आता ही पोरीला घेऊन निघणार, आणि खरं सांगतो, मी तिला दोषही दिला नसता. ती एदेल्मिरासमोर उभी राहिली.

"बाई, एक विचारू? ज्याची सही तो विमानात, असं हे लोक सांगत होते. म्हणजे तुम्हीही बसणार होतात?"

"हो."

"आणि खिडकीतला माणूस देत होता तो आरसा तुम्ही घेतला असतात, तर इथे कुणाला कधीच कळलं नसतं?"

"नसतं."

नोहेमीने आपले भाजलेले हात परकराला पुसले. "मी सकाळी यांना विचारलं, इथे चूक झाली तर काय होतं. हे म्हणाले, चूक होतच नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, इथे पोर ठेवायची नाही. चूक होत नाही म्हणणाऱ्यांच्या घरात मी नांदून आलेय. तिथे सगळं माझ्याच माथी मारायचे." तिने युरानीचा दंड सोडला आणि तिला हलकेच पुढे ढकललं. "ही तुमची. पण एक अट आहे. ही चुकली तर तुम्ही झाकायचं नाही. हिच्या तोंडून बोलवायचं, असंच, चारचौघांत."

तासभर उन्हात उभी राहून न रडलेली एदेल्मिरा तेव्हा रडली. ऑइलच्याच हातांनी डोळे पुसले, तोंड काळं करून घेतलं. युरानी तिच्याकडे बघत होती. मग त्या पोरीने शिडीला टेकवलेला झाडू उचलला आणि एदेल्मिराला विचारलं, "बाई, कुठून सुरुवात करू?"